वहिनींचा फोन

शुक्रवार, १७ तारीख

ती. वहिनींना सादर नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. तुम्हीही खुशाल असाल, एवढं देवाजवळ रोज मागतो. अक्षर ओळखलं असेलच. न वाचता फाडू नका.

गाडी अजून त्या आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेचीच चालवतो. सोबतीला पाठदुखी आणि आमच्या डॉक्टरीणबाईंची बडबड, दोन्ही आहेत.

दादा गेला त्या साथीत मी हीच गाडी घेऊन संस्थेच्या गोदामाबाहेर उभा होतो. आत सलाईनचे खोके छताला टेकलेले. पण आरोग्य खातं कॉलरा हा शब्द तोंडातून काढायला तयार नव्हतं, आणि सरकारने साथ जाहीर करेपर्यंत संस्थेने नुसता सल्ला द्यायचा, असा तेव्हाचा नियम. तुम्ही गाडीच्या दारावर हात आपटून म्हणालात, "एवढं मोठं चिन्ह रंगवलंय, आत काय हवा भरलीय?" त्यानंतर तुम्ही बोलणंच सोडलंत. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तशा साथी आणखी काही देशांत आल्या आणि सगळीकडे तीच गत झाली. मग मोठमोठ्या बैठका होऊन नियम बदलला. आता वॉर्डातल्या नर्सने कळवलं तरी संस्था सरकारला विचारते, आणि उत्तर येईपर्यंत सामान वाटेला लागलेलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, "आधी आम्ही पाहुण्यासारखे दारात उभे असायचो, आता घरच्यासारखे आत शिरतो." मी म्हटलं, "बाई, घरच्यांना बोलणीही बसतात." "बसू देत," म्हणाल्या.

गेल्या महिन्यात अशाच एका फोनवर आम्ही तुमच्या गावाकडे निघालो. वाटेत बाई सांगत होत्या, "नर्स होती. नोकरीच्या भीतीने नाव सांगेना, आणि वर मलाच दम देते, या वेळी गाडीत हवा भरून आणू नका म्हणून." मी गाडी कडेला घेतली. बाईंना वाटलं, टायर गेला.

तुमच्या रुग्णालयाच्या मागच्या दाराशी खोके उतरवले. खिडकीतून तुम्ही दिसलात. एका म्हाताऱ्याच्या हातावर शीर शोधत होतात. मी हाक मारली नाही. तुम्ही कामात होतात हे खरं, पण कारण ते नव्हतं.

ते लिहायला एवढा कागद खर्ची घातला. माझी मुलगी वर्षभर तुमच्याच गावात शिकते आहे. तुम्हाला कळवायचा धीर झाला नव्हता, म्हणून खिडकीतून हाक मारायचाही झाला नाही. त्या दिवशी निघाल्यापासून तिचा फोन लागत नव्हता, ते मी कुणालाच बोललो नव्हतो. तुमच्याकडून निघून शाळेच्या मैदानावरच्या तंबूत उरलेले खोके द्यायला गेलो, तर खाटेवर ती. डोळे खोल गेलेले, हात गार. तंबूतलं सलाईन सकाळीच संपलेलं. मी आणलेल्या खोक्यातली बाटली तिला लावली. खाटेशी बसून देवाचं नाव घेत होतो, मध्येच कधीतरी तुमचं घेऊ लागलो. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, गाडी वाटेत तर नाही ना लावलीत? लोक शिव्या देतील." आता ती चांगली हिंडते-फिरते.

तुमचं माणूस ज्या बाटलीवाचून गेलं, त्याच बाटलीने माझं राहिलं, आणि ती बाटली आली तुमच्या फोनमुळे. तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू, हे इतके दिवस कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही, तरी मानतो. देवापुढे बसलो की आधी तुमच्यासाठी मागतो.

पोरीला मी सगळं सांगितलं आहे. "काकूला भेटल्याशिवाय राहणार नाही" म्हणते. हट्टीपणात तुमच्यावर गेली आहे. रविवारी दुपारी तिला घेऊन येतो. तिला आत घ्या. मी खाली गाडीतच बसेन. बोलावलंत तर वर येईन, नाहीतर तिथूनच नमस्कार करेन.

अजून म्हणवत असेल तर,
तुमचा भाऊजी