नावं ठेवायची रीत

घोडेगाव, ता. नेवासा
दि. १९ जानेवारी २०२५

चि. निकितास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुझी आई बरी आहे आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. गाय व्यायली, कालवड झाली. कपाळावर चांद आहे, पण मधोमध नाही, किंचित डावीकडे. तू फोन उचलत नाहीस आणि मोबाईलवर माझी वाक्यं तुटतात, म्हणून कागद घेतला. शेजारचा सुनील उद्या तुझ्या सुप्याला ड्युटीवर निघेल, त्याच्या हाती देतो.

गेल्या रविवारी आपल्या दारात जे झालं ते गावात आता वाटेल तसं सांगितलं जातंय. पानटपरीवर लोक हसतात. हसोत, पण त्यात चुका फार आहेत. कल्याण तुझ्या कंपनीतला, तुझ्या पसंतीचा, आई-वडिलांना घेऊन पाथर्डीहून आला. पोहे झाले, चहा झाला. मी त्याच्याभोवती फेरी मारली हे खरं. एकच मारली, लोक तीन सांगतात. पाठीवर थाप मारली. फाटकापर्यंत जाऊन परत ये, असंही म्हणालो. बाजारात लोक मला जनावर पारखायला नेतात, आणि नुसत्या उभ्या जनावरावरून मी आजवर मत दिलेलं नाही. ही पारख मला कुणी शिकवली नाही, बघून बघून कमावली. त्या दिवशी हातपाय आपोआप चालले.

तो बिचारा जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "मामा, दात पन बघायचेत का?"

हे त्याने चेष्टेने म्हटलं की खरोखर विचारलं, मला अजून कळलेलं नाही. विचारलंय तर बघावेत, म्हणून मी वाकलो. तुझी आई पदर तोंडात धरून आत पळाली. त्याचे वडील वैजनाथराव बशी तोंडाशी धरून तसेच बसले. आणि मग मी सगळ्यांसमोर बोललो. चाल ढिली आहे, मान खाली घालून चालतो, उंची आहे पण अंगात भरलेला नाही, खाणंही रेंगाळत.

तू पिशवी उचललीस. "आप्पा, तुमचा होकार नसेल तर आम्ही फेब्रुवारीत नगरला रजिस्टर करू. तुम्ही येऊ नका," एवढं बोलून एसटीला गेलीस.

बाजाराच्या गावची मुलगी तू, पुढचं तुला सांगावं लागू नये. मनात भरलेल्या जनावराचं कुणी तोंडावर कौतुक करत नाही. केलं की धनी अडून बसतो, शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच. जे घ्यायचं नसतं त्याला "चांगलंय" म्हणून पुढे निघायचं. नावं ठेवायची ती आपल्या दावणीला बांधायचं ठरलेलं असतं त्याला. दिवाळीनंतर राहात्याचं स्थळ आलं होतं, त्या मुलाला मी काय म्हणालो होतो? "चांगला आहे." आठव.

पण माणसाला हे लागू होतं का, ते मला सांगता येत नाही. टपरीवाल्यांना ती करमणूक, तुला तो अपमान आणि मला ते काम; फेरी मात्र एकच होती. काल दाढी करताना आरशात स्वतःचेच दात बघितले. हसू आलं. मग तू जाणार हे आठवलं आणि तोंडाला तसाच साबण ठेवून बसून राहिलो. हे हसण्यासारखं आहे की कसं, तूच ठरव. आजवर असल्या गोष्टी मी दुसऱ्याला विचारल्या नाहीत.

आणखी एक. शुक्रवारी बाजारात कल्याण आला. एकटाच. मी एका म्हशीची कास बघत होतो. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि समोर उभा राहून म्हणाला, "मामा, तुमच्यात लई खोडी हायेत. डावा पाय ओढता. दुसऱ्याचं ऐकत न्हाई. रागीट तर हायच."

हसला नाही. व्यापारी गोरक्षनाथ शेजारी होता, त्याने मला कोपराने ढोसलं. म्हणाला, "गिऱ्हाईक पक्कं दिसतंय."

कल्याणने मला चहा पाजला आणि गेला. वैजनाथराव पूर्वी ऊसतोडीला जायचे, गाडीचे बैल इथूनच नेले असतील, म्हणजे पोराला रीत माहीत असावी. किंवा नसेलही, आणि चारचौघांत माझी जिरवून गेला असेल. विचारायला जीभ उचलली नाही. मात्र दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझ्या उत्तरात फरक पडत नाही.

नगरलाच करायचं असेल तर मी येईन, मागे गप्प उभा राहीन. पण दारात मांडव पडला तर तुझी आई माझ्याशी बोलायला लागेल, एवढं लक्षात घे.

मला तो मुलगा पसंत आहे. हे वाक्य मी खोडून खोडून पुन्हा लिहिलंय. दर वेळी वाचून बघितलं की त्यात आपली निकिता घरातून चालली एवढंच दिसतं. तरी आता खोडत नाही.

ज्याचा होकार आहे तो,
तुझा आप्पा