मामाचं वेगळं ताट

आई, परवा मामा येऊन गेला. डोळा दाखवायला आला होता, एकच दिवस राहिला. सगळ्यांनी नेहमीच्या कपांतून चहा घेतला. मग तो उठला, आपला कप स्वतः धुतला आणि बाकीच्या कपांपासून लांब, खिडकीशी पालथा ठेवला. ही करोनाच्या वर्षी लागलेली सवय होती, की त्याला मला काही सांगायचं होतं? कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, त्यामुळे तुला करोना म्हणजे काय इथपासूनच सांगायला हवं.

श्वासातून पसरणारा आजार होता. माणसं तोंडाला मास्क लावून एकमेकांपासून लांब राहायची. त्यातच एका सकाळी यवतमाळहून मामाचा फोन आला. उजव्या डोळ्याचा पडदा सरकलाय, ऑपरेशन लगेच व्हायला हवं, आणि नागपूरचे त्याचे डॉक्टर स्वतःच आजारी पडलेत. पुण्यात वेळ मिळाली होती. आमचं धायरीचं घर दोन बेडरूमचं, आणि सासऱ्यांची फुप्फुसं आधीच अधू. नवरा म्हणाला, "नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं?" मी हो म्हटलं.

आतली खोली मामाला दिली, तिथलं बाथरूम फक्त त्याचं. घरभर खिडक्या सताड उघड्या. त्याचं ताट, वाटी, पेला वेगळे. ओळखू यावेत म्हणून त्यांना नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं, मी मागे सरकायचं, मग त्याने दार उघडायचं. सासरे हॉलमधून म्हणाले, "पाहुणचार चाललाय की पार्सल पोचवतोय आपण?" आणि लगेच त्यांना खोकला आला, तशी मी आणखी दोन पावलं मागे सरकले.

ठिपका लावताना मला आपलं यवतमाळचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी नववीत आहे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठी मी एक कानतुटका कप बाजूला ठेवलाय. तू ड्यूटीवरून येतेस, नर्सची पांढरी साडी अजून अंगावर आहे. "हा कप वेगळा काऊन ठेवला?" "मावशींचा आहे," मी म्हणते. तू तो कचऱ्यात टाकतेस आणि मावशींना स्वतःच्या कपात चहा देतेस. त्या गेल्यावर म्हणतेस, "आपल्या घरात कोणाचा कप वेगळा राहत नाही. तुझा मामा अन् मी गावात ओंजळीनं पाणी पेलो. आमच्या जातीचा हात भांड्याले लागू नये म्हणून लोक वरून ओतायचे." पण आई, तीच तू टीबीच्या वॉर्डात पेशंटांची भांडी वेगळी ठेवायचीस, उकळून घ्यायचीस. मी पाहिलंय. या दोघींतली कोणती तू मला त्या दिवशी हवी होतीस, ते मला अजून ठरवता येत नाही.

ऑपरेशननंतर पडदा जागेवर बसावा म्हणून मामाला सतत मान खाली घालून बसायचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला जोराचा ठसका लागला. मी मास्क चढवून पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्याचा पेला दाराजवळच्या खाटेखाली घरंगळला होता, तो हाताने चाचपडत होता, सापडत नव्हता. मी दारातूनच हात लांब केला. तेवढ्यात त्याने मान तशीच खाली ठेवून ओंजळ पुढे केली, आणि मी वरून पाणी ओतलं. तो प्याला. पिऊन झाल्यावरही ओले हात तसेच धरून बसला.

"मामा, हे तसं नाही," मी म्हटलं.

"मले मालूम आहे बाई. तुझ्या सासऱ्याले सांभाळ तू. जा, दार लोटून घे."

मी दार लोटून घेतलं आणि ओट्यापाशी जाऊन उगाच कणीक मळत राहिले.

कोणाला काही झालं नाही. सासरे ठणठणीत राहिले, मामाचा डोळा बराचसा वाचला. सगळे म्हणतात, नीट सांभाळलंस. पण मामाला तो आजार नव्हताच, तपासणीतही काही निघालं नव्हतं. मग मी कोणाला कोणापासून वाचवलं? आणि असता तर? सासऱ्यांना काही झालं असतं, तर आज मी हे पत्र कुठल्या तोंडाने लिहिलं असतं? चुकले असं म्हणवत नाही, आणि बरोबर होते असं म्हणताना ती ओंजळ दिसते. मामाजवळ त्या दिवसांचा विषय निघाला, की तो हसून डोळ्याच्या थेंबांबद्दल बोलायला लागतो.

तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. त्याचं कारण सांगते. ऑपरेशननंतर मामा यवतमाळला परत निघाला, तेव्हा तो रिक्षात बसत असताना मी त्याला म्हटलं, "आई असती तर तिनंही हेच करायला लावलं असतं." तो आत सरकून बसला, मग म्हणाला, "हो, ताईनं तसंच केलं असतं." तू काय केलं असतंस, ते मला माहीत नव्हतं, आई. त्याने मनात काही ठेवू नये, म्हणून मी तुझं नाव पुढे केलं.