सुनेचं ताट आणि जिन्यातला बोका

विहीणबाई,

नमस्कार मागाहून घ्या, आधी हे ऐका. तुमच्या लेकीचं खाणं आमच्या जिन्यातला बोका खातोय आणि त्याला कारण तुम्ही आहात. तुमची कंबर कशी आहे, व्याह्यांचा खोकला थांबला का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. आमच्याकडे सगळे ठीक, बोका तर फारच ठीक. (वरची शेजारीण त्याचं पोट बघून विचारत होती, ही मांजर कधी विणार? म्हटलं, बाई, बोका आहे तो.) फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही रडता आणि मी ओरडते, म्हणून कागद.

कारखान्याच्या खाणावळीत मी दोन पाळ्यांना वाढते. माझ्यासमोर ताटात टाकून उठायची तिथे कोणाची छाती नाही. आणि घरी ही पोर मला फसवते. मी अंडी उकडून, दूध झाकून कामावर जायची, आल्यावर भांडी रिकामी, मी खूश. रात्री मुलाला तिच्याशेजारी बसवलं, तर ती आपलं त्याच्या ताटात सरकवायची आणि तो बोलता बोलता खाऊन टाकायचा (तुमच्या जावयाला ताटात काय आहे ते कधी दिसत नाही, संपलं की तेवढं दिसतं). परवा तपासणीला नर्सबाईंनी हिला काट्यावर उभं केलं, तर वजन मागच्या खेपेइतकंच. काटा बिघडला असेल म्हणून चपला काढून मी चढले, मुलालाही चढवलं. काटा चांगला चालतो. आम्हा दोघांचं वाढलंय.

नर्सबाई हसल्या नाहीत. पोटाला टेप लावून म्हणाल्या, बाळ दिवसांच्या मानाने लहान आहे. आईच्या पोटात गेलं नाही तर त्याच्या अंगावर कुठून चढणार? मग हिने खाली मान घालून सगळं सांगितलं, बोक्यासकट. कमी खा, मूल बारीक राहील, सुटका सोपी होईल, हे म्हणे तुम्ही रोज फोनवर सांगता. नर्सबाई म्हणाल्या, बारीक मुलाने बाळंतपण सोपं होईल याची खात्री कोणी देत नाही. पण अशक्त जन्मलं तर त्याला दूध ओढायची ताकद नसते, अंग गार पडतं.

मी वाटेतच तोंड सोडणार होते. पण ही हळूच म्हणाली, "मी अंगाने मोठी होते, म्हणून माझ्या वेळी आई मरता मरता वाचली. घरात सगळे सांगतात."

मी तिथेच म्हटलं, पोरी, त्यात तुझा काय दोष? तिला ते पटलं नाही.

राग धरायचा तर धरा, पण पुरतं वाचून धरा.

तुमची विहीण

ता. क. वरचं रागात लिहिलंय. खोडत नाही, खरं आहे.

ता. क. आणखी एक. मला खाऊ घालता येतं, भीती काढता येत नाही. ही भीती तुमच्या घरून आली आहे, तुम्हीच येऊन घेऊन जा. शनिवारी पुन्हा तपासणी आहे, त्याआधी या. तिच्याशेजारी जेवायला बसा आणि तिला सांगा की त्या वेळी तुझा काही दोष नव्हता. हे मी सांगून चालत नाही, सांगून पाहिलं. मी स्वयंपाकघरात थांबेन, दार लावून. गाडी कोणती ते बुधवारपर्यंत कळवा.