कार्डावरची एकच रेघ

४ फेब्रुवारी, निलंगा

बाबांचं पुण्यानुमोदन झालं. सगळे वंदना घेत होते, माझ्या डोक्यात एकच — डॉ. शिवकुमार! छातीत कळ आली म्हणून माय बाबांना त्याच्याकडं घेऊन गेली. ह्यानं खाटेजवळच हार्ट अटॅक तपासायच्या कार्डावर रक्ताचे थेंब टाकले, एकच रेघ आली. "हार्टचं काही न्हाई, पित्त हाय." घरी लावून दिलं. संध्याकाळी बाबा गेले.

भंते म्हणाले, राग सोड. मी मान हलवली. सोडणार न्हाई! त्याच्या दारावरची पाटी उतरवली न्हाई तर नावाची लुंबिनी न्हाई.

७ फेब्रुवारी

लातूरला मैत्रिणीकडं, तनुजाकडं गेले. ती लॅबमध्ये असते. म्हणाली, "दुखणं ताजं असलं तर कार्डावर दुसरी रेघ येत न्हाई गं. अटॅकनं रक्तात जे वाढतं, ते लॅबच्या मशिनला थोडं वाढलेलंबी सापडतं. न्हाईतर काही तासांनी परत तपासायचं."

परत तपासायचं! औशापर्यंत बसमध्ये रडले. मग बरं वाटायला लागलं — सापडला बेटा!

८ फेब्रुवारी

माय नीट जेवत न्हाई. एकच विचारते, "कधी टाकतीस तक्रार?"

१० फेब्रुवारी

आधी त्याचं तोंड बघायचं होतं. गेले, विचारलं — लॅबला का न्हाई पाठवलं? पांढराफटक पडला! खाली बघून म्हणाला, "पाठवायला पाहिजे होतं, ताई. पण दुखणं कालपासून हाय म्हणून सांगितलं होतं. एवढ्या वेळात कार्डावर यायलाच पाहिजे."

खोटारडा! त्या सकाळी बाबांनी माझ्यासमोर पिठलं-भाकरी खाल्ली. कळ आली ती नंतर, एसटी स्टँडवर. मेलेल्या माणसावर ढकलतोय! उद्या मायलाच साक्षीला उभी करते.

११ फेब्रुवारी

मायला विचारलं, दवाखान्यात काय सांगितलंस?

"कालपासून दुखतंय म्हणलं की! आत्ताच झालं म्हणलं तर बाकड्यावर बसवून ठेवतेत. म्हणून तर लगेच आत घेतलं त्यांला."

किती शहाणपणानं सांगत होती! आमच्यात सगळेच असं सांगतात. मीसुद्धा तेच सांगितलं असतं. लिहून ठेवलेली तक्रार काढून परत वाचली.

१२ फेब्रुवारी

तक्रार फाडली. मायला म्हणलं, जाऊ दे आता.

तिनं ताट सारलं. "बापासाठी एवढंबी झालं न्हाई तुझ्यानं? त्यो डॉक्टर अन् तू सारखेच!"

हाव म्हणलं.