मुनीफ स्वीडनला का जातो

३ सप्टेंबर, सकाळ

दुहासाठी पुन्हा स्थळ आलं आहे. मुलगा मुनीफ, आपल्याच देशातल्या करक गावचा. खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यांतले पंप दुरुस्त करतो, म्हणून सदा परदेशात. काल त्याची आई आणि मावशी येऊन माझ्या बायकोशी, सामिहाशी, बोलून गेल्या. माझ्या वाट्याला उरलेली बिस्किटं आली.

बायकांचं काम संपलं. आता चौकशी माझी. मुलीच्या बापानं मुलाची चौकशी केल्याशिवाय आमच्यात पान हलत नाही. पण बाकीचे बाप काय करतात, मुलाच्या गल्लीतल्या वाण्याला विचारतात, मशिदीच्या इमामाला विचारतात आणि घरी येऊन झोपतात. मी तसला नाही. सीमेवरच्या नाक्यावर पासपोर्टच्या खिडकीत उभा जन्म गेला माझा. माणूस रांगेत लांब असतानाच कळायचं, हा इराकी, हा येमेनी, हा सीरियन असून लेबनानी असल्यासारखा चालतोय.

आठवड्यात निकाल लावतो.

५ सप्टेंबर

सुरुवात झाली नाही. पाठ धरली आहे.

सामिहा म्हणाली, या वेळी तरी पोरीचं बघा, ती चौतिशीला आली. मी म्हटलं, पोरीचंच बघतोय. मागे आपल्याकडच्या सल्ट गावचा म्हणून एक मास्तर आला होता, त्याला मी चपलांवरून सीरियन ओळखला. पुढे त्याच्या खापरपणजोबाची कबर सल्टलाच निघाली, ही गोष्ट वेगळी. तोवर त्याचं दुसरीकडे लग्न झालं होतं. चौकशीला वेळ लागतोच.

माझ्या मुलाचा, लैथचा, फोन नाही. गोथेनबर्गला थंडी सुरू झाली असेल. स्वीडनमध्ये माणसं कामात फार असतात.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मुनीफला चहाला बोलावलं. डोक्यावर रुमाल नाही. रुमाल कसा बांधलाय त्यावरून मी देश सांगतो, गाठ पाहून जिल्हा. हा उघड्या डोक्यानं आला, म्हणजे पहिलाच पुरावा दडवला.

चहा आला तर विचारतो, घरात वाळकं लिंबू आहे का? वाळकं लिंबू चहात इराकी घालतात. करकचा माणूस घालत नाही. मी नुसतं बघितलं. तो म्हणाला, काका, बसऱ्याला काम होतं तेव्हा सवय लागली. उत्तर तयारच होतं. तयार उत्तरवाल्यांना मी खिडकीतून बाजूला काढायचो.

दुहा दाराशी उभी होती. हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. तपासाशी याचा संबंध नाही, तरी लिहून ठेवतो.

९ सप्टेंबर

अबू निज्म, माझा जुना सहकारी, अजून विमानतळावर नोकरीला आहे. त्याला फोन केला, मुनीफ कुठं कुठं जातो ते जरा बघून सांग. तो म्हणाला, माझी नोकरी घालवतोस का? वर म्हणाला, पोरीलाच का विचारत नाहीस. पोरीला विचारून कोणी चौकशी करतं का! रिटायर व्हायच्या आधीच निकामी होतात ही माणसं.

मोबाइलवर विमानं दाखवणारं अ‍ॅप घेतलं. जगातलं प्रत्येक विमान पिवळं, मुंगीएवढं. मुनीफचा मस्कतचा प्रवास अख्खा बघितला. संशयास्पद काही नाही. सरळ गेला.

१२ सप्टेंबर, दुपार

आमच्या मादबाहून विमानतळ जवळ. बाहेर पडणाऱ्यांच्या दारासमोर खुर्ची पकडून बसलो, माणसं ओळखायचा सराव राहावा म्हणून. दोन कुवेती लगेच ओळखले. त्यांना विचारलं नाही, गरज नव्हती. मग एक सावळा, रुबाबदार, डोक्यावर ओमानी टोपी. मनात म्हटलं, ओमानमधल्या सलालाचा. जाऊन सलाम करून विचारलंच. भारतीय निघाला. टोपी मस्कतच्या विमानतळावर घेतलेली. अंदाज फक्त एका समुद्रानं चुकला.

घरी आलो तर सामिहा बाहेर गेलेली. कुठं गेली होतीस विचारलं. फोटो काढायला, म्हणाली. या वयात कसले फोटो? विचारायचं राहिलं.

१८ सप्टेंबर

आज धाडस केलं. आवाज बदलून मुनीफला फोन. म्हटलं, विमान कंपनीतून बोलतोय, आमच्या सेवेबद्दल आपलं मत हवंय, यंदा आपण कुठं कुठं गेलात? त्यानं बसरा सांगितलं, मस्कत सांगितलं, ट्यूनिस सांगितलं. अगदी शांतपणे. शेवटी म्हणाला, "अजून काही हवं असेल तर केव्हाही फोन करा, काका."

विमान कंपनीच्या माणसाला कोणी काका म्हणतं? मुलात काहीतरी गडबड आहे.

२३ सप्टेंबर

धागा सापडला! सामिहा मुनीफच्या आईशी फोनवर बोलत होती, मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो होतो. मुनीफ यंदा स्वीडनला जाऊन आला. एकदा नाही, दोनदा. मला सांगताना स्वीडन गाळलं होतं.

आता विचार करावा. बसऱ्याला पाणी खारट, मस्कतला समुद्राशिवाय पाणी नाही. तिथं पंप लागतात, मान्य. पण स्वीडनमध्ये गोड्या पाण्याची तळीच तळी आहेत. खारं पाणी गोडं करणाऱ्याचं तिथं काय काम? माझा अनुभव सांगतो, कामाशिवाय दोनदा स्वीडनला जाणाऱ्या अरब माणसाची तिथं बायको असते. पाणी इथं मुरतंय.

दुहाला बसवून सगळं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "याबा, स्वीडनमध्ये आपलं कोण राहतं?"

मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

२६ सप्टेंबर

दुहाच्या त्या प्रश्नामुळे लैथ आठवला. शेवटचा आला होता त्याला चार वर्षं झाली. येताना स्वीडनचा नवा पासपोर्ट घेऊन आला होता, मला दाखवायला. सगळे जेवायला बसले होते. मी म्हटलं, "परदेशी लोकांची रांग वेगळी असते, इथं कसा बसलास?" विनोद होता. तो दोन दिवसांनी निघून गेला, रजा शिल्लक असताना. हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही. सामिहा अजून उकरून काढते. तिला काही म्हणजे काही विसरता येत नाही.

मला तसं काही वाटत नाही. कामाला लागावं.

४ ऑक्टोबर

आठवड्याची मुदत मी स्वतःच वाढवली होती, ती पण संपली. विमानतळावर अकरा वाजता जायचं ठरवतो, उठायला बारा होतात. चालायचंच.

थोरला भाऊ अबू राकान आला. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी मागणी घालायला मंडळी येणार, दोन्हीकडून सगळं ठरलंय. कुणी ठरवलं? म्हणाला, होकार मी देईन, तू फक्त बस.

मला शिकवतो! मंडळींचा म्होरक्या कडू कॉफीचा कप समोर ठेवतो आणि उचलत नाही. मागणी घालतो. आमच्यातला वडीलधारा म्हणतो, कॉफी घ्या. मग ते पितात, मग लग्न पक्कं. कप तसाच राहिला तर दोन्ही घरांची शोभा होते, आणि करकवाले असलं काही नातवंडांना सांगून ठेवतात. म्हणून होकार आधीच ठरवून मग सगळे बसतात. हे पोराटोरांनाही माहीत आहे.

मी अबू राकानला बरं म्हटलं. प्लॅन मनात ठेवला. भरल्या बैठकीत माणूस खोटं बोलू शकत नाही. खिडकीचा नियम आहे, रांग बघत असताना विचारा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळ

झालं ते क्रमानं लिहितो.

बैठक भरलेली. मुनीफचे थोरले काका म्होरके. त्यांच्या रुमालाची गाठ अस्सल करकची. हा मुद्दा मुलाच्या बाजूनं, मी कबूल करतो. कॉफी फिरली. काकांनी कप समोर ठेवला, देवाचं नाव घेतलं, आमच्या घराण्याबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि दुहाचा हात मागितला. अबू राकाननं घसा साफ केला. तेवढ्यात मी बोललो. म्हटलं, कॉफीच्या आधी एक प्रश्न. हा मुलगा यंदा दोनदा स्वीडनला गेला. तिथं त्याचं कोण आहे?

आतल्या खोलीत बायकांची कुजबुज चालली होती, ती थांबली. अबू राकाननं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. जोरात दाबला, आत्ता लिहिताना पण दुखतंय.

मुनीफ उभा राहिला. म्हणाला, "लैथ आहे, काका. भाऊ आहे तिचा. त्याला विचारल्याशिवाय तुमच्या दारात कसा येऊ?"

मी विचारलं, मग दुसऱ्यांदा?

मुनीफ खाली बघायला लागला. त्याचे काका म्हणाले, "बारशाला गेला होता. मुलगी झालीय लैथला. आजीचं नाव ठेवलंय, सामिहा."

सगळे गालिच्याकडे बघत होते. बातमी ऐकून कुणी मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होती. अबू राकानला माहीत होती, कॉफी वाढणाऱ्या पुतण्यांना माहीत होती, करकहून आलेल्या परक्या माणसांना माहीत होती.

अबू राकान म्हणाला, "कॉफी घ्या, मंडळी. पोरगी तुमची."

त्यांनी घेतली. कॉफी गार झाली होती. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. आतून बायकांचा आनंदाचा गलका उठला.

मला वाईट वाटलं. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

१२ ऑक्टोबर

शांत डोक्यानं विचार केला. एकंदरीत तपास यशस्वी. मुलगा करकचाच आहे, स्वीडनमध्ये त्याची बायको नाही, हे भर बैठकीत सिद्ध झालं. ते कुणाच्या प्रश्नामुळे झालं? अबू राकान फोन उचलत नाही. हेवा वाटत असेल.

सामिहाला विचारलं, नात झाली तर मला का सांगितलं नाही? ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्ही पहिलं विचारलं असतंत, पासपोर्ट कुठला मिळाला तिला."

मी असं मुळीच विचारलं नसतं.

कुठला मिळाला असेल?

उद्या लैथला फोन करायचा. नक्की.

१४ ऑक्टोबर

केला नाही. तिकडे आपल्यापेक्षा घड्याळ पुढं की मागं, यात घोळ होत होता. उगाच अवेळी कशाला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लग्न लागलं. दह्यातल्या मटणाचा मनसफ उत्तम. दही जरा जास्त आंबट होतं पण ते मी कुणाला बोललो नाही. लैथ पडद्यावर दिसला, व्हिडिओवरून. सगळे त्याच्याशी बोलायला पुढं गेले. मी हात केला. त्यानं पाहिलं की नाही, कॅमेऱ्याचं सांगता येत नाही.

२२ नोव्हेंबर

दुहा मुनीफबरोबर मस्कतला गेली. निघताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं, हात तसाच धरून ठेवला. "मला फोन करत जा, याबा. फक्त विमानाचं काही विचारू नका."

मी हो म्हटलं. तिचं विमान घरी येऊन शेवटपर्यंत बघितलं. पोचल्यावर तिनं आईला फोन केला. मी बाजूलाच होतो. सामिहानं फोन माझ्याकडे दिला. दुहा म्हणाली, पोचले. मी विचारलं, खिडकीजवळची जागा मिळाली का? ती म्हणाली, आईला द्या.

२० डिसेंबर

सामिहाचा स्वीडनचा व्हिसा आला. मला आज कळलं. मी विमानतळावर माणसं ओळखत बसलो होतो त्या दिवसांत तिनं पासपोर्ट काढून घेतला होता. बाकीचं लैथनं आणि मुनीफनं मिळून केलं.

मला म्हणाली, चला तुम्ही पण. मी म्हटलं, बघतो. माझा पासपोर्ट शोधला. कपाटात सापडला. मुदत कधीच संपलेली. आत एकही शिक्का नाही. इतक्या लोकांना शिक्के मारले, स्वतः पलीकडे जायचं काही कारणच पडलं नव्हतं.

तिला म्हटलं, जानेवारीत तिकडे थंडी फार. तू पुढं हो.

पुन्हा चला म्हणाली नाही.

९ जानेवारी, दुपार

सामिहाला विमानतळावर सोडून आलो. अबू राकानची गाडी होती. येताना त्यानं रेडिओ लावला.

तिनं फ्रिजमध्ये डबे भरून ठेवलेत, प्रत्येकावर काय आहे ते लिहून. परत केव्हा येणार विचारलं तर म्हणाली, तिकिटावरची तारीख बदलता येते.

घरात करायला काही नाही. अ‍ॅप लावून बसलोय. विमान इस्तंबूलला उतरलं, तिथं ती दुसऱ्यात बसली असणार. ते आता उडालंय. काळ्या समुद्राच्या कडेनं चाललंय. पिवळं, मुंगीएवढं.

संध्याकाळ

गोथेनबर्गला उतरलं. उतरल्यावर नकाशावरून जातं.

सामिहाचा फोटो आला. लैथ जाड झालाय, दाढी ठेवलीय. पोरगी सामिहाच्या कडेवर, तिच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक मुठीत धरून. फोटो मोठा करून बघितला. कुणासारखी दिसते काही ठरवता येईना. बराच वेळ बघत बसलो.

सामिहाला लिहायला घेतलं, पोरगी कशी आहे, लैथ माझं काही बोलला का, मी येऊ का. वाचून पाहिलं. पुसलं.

मग लिहिलं, कुठल्या रांगेतून बाहेर आलीस?

तिनं वाचलं. उत्तर नाही. दमली असेल.