काकांचं बीळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा डाव्या हाताने लिहिलेला नमस्कार. (उजव्याचं पुढे सांगतो.) तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आता जरा शहाण्यासारखे वागत असतील, अशी आशा आहे.

काका गेल्यापासून काकू जेवत नाही, तिला चार दिवसांत इकडे घेऊन ये, असं तू बजावून धाडलंस. आज एकविसावा दिवस. मी आलो तेव्हा ती खरोखरच नुसत्या चहावर होती. मी हातपाय धुतले, दिसली त्या खुर्चीत बसलो, आणि तिने मुकाट्याने दोन ताटं वाढली. मी खूश. खुर्ची काकांची होती हे तिसऱ्या दिवशी कळलं.

मग ओहोटीला तिच्याबरोबर बिळं बघायला कोण जाणार? काकांचे रबरी बूट मला बसले. (माझा पाय दहा नंबरचा, बूट आठचे, तरी बसले.) काम तसं साधं: कातळात ज्या बिळापुढे शिंपल्यांचा कचरा दिसेल, तिथे टोकाला आकडा असलेली सळई घालायची आणि ऑक्टोपस ओढून काढायचा. त्यातही मी दिवे लावलेच. पाऊण तास झटापट करून बाहेर काढला तो कुणाचा तरी मोजा निघाला. काकू सांगते, एक ऑक्टोपस काढला की पंधरवड्यात त्याच बिळात दुसरा येऊन राहतो. किनाऱ्यावरचे लोक हल्ली मला 'फौजदार' म्हणून हाक मारतात. काकांना तेच म्हणायचे. मी ओ देतो, उगाच वाद कशाला.

आता उजवा हात. काकांच्या आवडत्या बिळाचं तोंड आतून दगड रचून बंद केलेलं होतं. मी अतिशहाणपणा करून दगड काढले आणि सरळ हात घातला. आत मादी होती. वर छताला तांदळाएवढ्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि ती त्यांच्यावर पाण्याची फुंकर घालत होती. तिने एक पाय (की हात, काय म्हणायचं ते) लांबवून माझं मनगट धरलं, नाडी बघावी तसं, जराही घाई न करता. पाणी चढत गुडघ्यावर आलं, मग कमरेवर. मी घाबरून गारठलो, खोटं कशाला सांगू. काकू शेजारी शांतपणे माहिती देत होती: नर जोडी जमल्यावर झिजून मरतो, मादी पिल्लं निघेपर्यंत काही खात नाही आणि मग तीही जाते, म्हणून अंड्यांवरच्या मादीला इथे कोणी हात लावत नाही. मग वाकून म्हणाली, "अहो, हात ढिला सोडा. ती सोडेल."

सोडला तिने. (मनगट अजून सुजलंय, पेन धरवत नाही.) पण ताई, मला 'अहो'? लहानपणी माझा कान धरून आंघोळ घालणाऱ्या बाईने? मी तेही चालवून घेतलं, कारण त्या दिवशी ती दोनदा वाढून घेऊन जेवली. परवा मी बॅग भरली, तर तिने ताट झाकलं आणि दाराशी जाऊन बसली, संध्याकाळपर्यंत. मी बॅग रिकामी केली. निघालो तर ही उपाशी मरेल, आणि राहिलो तर माझ्यातला मी किती उरेन, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे: मला ताबडतोब पत्र धाड. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण पाकिटावर माझं नाव पूर्ण आणि ठळक हवं. इथला पोस्टमन दारातून नाव मोठ्याने वाचतो. काकूच्या कानावर पडेल, आणि माझ्याही.

ता. क. २. हे पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात तुझंच पाकीट आलं. पोस्टमनने माझं नाव खणखणीत वाचलं. काकूचा घास हातातच थांबला. मी दाराशी जाऊन सांगितलं, तो पोरगा परवाच परत गेला. पोस्टमन म्हणाला, बरं फौजदार, आणि पाकीट पिशवीत टाकून गेला. मग ती जेवली.