ठमाबाईंची रंगीत तालीम

प्रिय चिंगे,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. रोज फोनवर बोलणारा बाप एकदम कागद-पेन घेऊन बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटणारच. बिनसलंय खरं. पण फोनवर तू मधेच ‘असू द्या हो बाबा’ म्हणशील आणि मीही लगेच असू देईन, म्हणून लिहितोय. उद्या सकाळी कुरियरने टाकतो, मंगळवारी तुझ्या हातात पडेल.

मी बुधवारी संध्याकाळी पोचतो. तू सहा आठवडे कामासाठी परदेशी, तेवढे दिवस छोटी माझ्या ताब्यात. पाच वर्षांची नात आणि सत्तरीचा आजोबा, कोण कोणाला सांभाळतं ते कळेलच. प्रश्न होता आमच्या ठमाबाईंचा. नऊ वर्षांत ही कुत्री मला सोडून एक दिवस राहिलेली नाही आणि तुमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. शेवटी पलीकडच्या गल्लीत एक बाई सापडल्या. आधी नर्स होत्या, आता घरीच कुत्री सांभाळतात. आवाज असा, की त्यांनी ठमीला ‘बस’ म्हटलं तेव्हा मीसुद्धा बसलो. त्यांनी चार पानी अर्ज भरून घेतला. कशाला घाबरते, कुठल्या कुशीवर झोपते, गोळी कशातून घेते, सगळं मी एका बैठकीत लिहिलं. मग म्हणाल्या, आधी एक दिवस रंगीत तालीम करू, आणि निघताना तिच्या डोळ्यांसमोरून, तिला सांगून निघा. आता कुत्रीचा निरोप घ्यायचा का काय, असं मनात म्हणून मी मान डोलावली.

शुक्रवारी तिला घेऊन गेलो. बाई आत दुसऱ्या कुत्र्याला आंघोळ घालत होत्या. मी ठमीपुढे वाटी ठेवली, भातात अंडं कुस्करून. ती खायला लागली तशा चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने सटकलो. रडारड नाही, काही नाही. स्वतःवर भलताच खूश होतो.

संध्याकाळी पाचला आणायला गेलो. मी कोपऱ्यावरून दूध घेऊन आलो तरी अंगावर उड्या मारणारी ही, जागची हलली नाही. पुढ्यात सकाळची वाटी अर्धवट खाल्लेली, उरलेला भात वाळलेला. बाई खूप चिडल्या होत्या. म्हणाल्या, दुपारपर्यंत ही तुम्हाला शोधत होती. पलंगाखाली, पडद्यामागे, मोरीत, चपलांच्या कपाटातसुद्धा डोकं घालून बघितलं. रडत नव्हती, नुसती शोधत होती. माणूस गेला हे तिला कळलंच नाही, त्यामुळे तो इथेच कुठेतरी लपलाय असं तिला वाटत राहिलं. काल, शनिवारी, घरीही तिने जेवण टाकलं. मी वाटी भरली की ती वाटीकडे पाठ करून माझ्या पायावर येऊन उभी राहायची.

चिंगे, बाईंचे ते ‘पलंगाखाली, पडद्यामागे’ शब्द मी आधी वाचले होते. कुठे, ते शुक्रवारी परतताना वाटेत आठवलं. घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. तुला आत्याकडे ठेवून मी दूरच्या बंदरावर नोकरीला गेलो, तेव्हा तिचं मला आलेलं पहिलं पत्र त्यात आहे. लिहिते, “पोर छान रुळली. आठ दिवस एकटीच लपाछपी खेळते. पलंगाखाली बघते, पडद्यामागे बघते, कपाटं उघडते. अजिबात रडत नाही.” मी ते पत्र सगळ्या कामगारांना वाचून दाखवलं होतं. आमची चिंगी वाघीण आहे म्हणून चहा पाजला होता.

तुझी आई जाऊन सहा महिने झाले होते. तू पाच वर्षांची होतीस. आत्याच्या स्वयंपाकघरात तुझ्यापुढे दूध-बिस्किटं ठेवली आणि बूट हातात घेऊन मी मागच्या दाराने निघालो. पोरीला त्रास नको, असं सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. तुझं रडणं मला बघवलं नसतं, एवढंच खरं. दोन वर्षांचे चार झाले. परत आलो तेव्हा तू जेवताना ताट घेऊन माझ्या मागे मागे फिरायचीस, आणि मी तुला हसायचो. तीस वर्षं क्रेन चालवली, भोंगा दिल्याशिवाय एक पेटी उचलली नाही, खालच्या माणसाला कळायला हवं म्हणून. घरात मात्र भोंगा दिला नाही. या वयात हे एका कुत्रीकडून कळावं याची मला लाज वाटते.

आज पुन्हा तालीम केली. या वेळी ठमीसमोर खाली बसलो, पिशवी दाखवली, जातो आणि येतो असं तिला सांगितलं, आणि पुढच्या दाराने गेलो. कोपऱ्यापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. परत वळलो नाही कसा, ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी बाई म्हणाल्या, अर्धा तास रडली, मग वाटी चाटूनपुसून साफ केली. कुठेही शोधलं नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, बाबा, गुरुवारी सकाळी तुम्ही छोटीला झोपाळ्यावर न्या, तेवढ्यात मी निघते, तिला कळणारही नाही. मी ‘बरं’ म्हणालो. ते ‘बरं’ मी परत घेतो. ही युक्ती तुला कोणी शिकवली ते मला आता माहीत आहे. गुरुवारी मी तिला कुठेही नेणार नाही. तू तिच्यासमोर बस, बॅग दाखव, किती दिवसांनी येणार ते सांग आणि पुढच्या दाराने जा. ती रडेल. रडू दे, मी दारात तिला घेऊन उभा असेन. तुलाही रडायचं असेल तर रड, पस्तीस वर्षं उशीर झालाय, पण या वेळी मी तिथेच आहे.

तुझाच,
तुला न सांगता गेलेला
बाबा